कस्तुराबाईंचं माहेर

मोहित्यांच्या घरात अभिमानाला कधी तोटा पडला नाही. कन्नड मुलखाच्या राजधानीत, शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत जयसिंगराव मोहित्यांचं गणवेशांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. शाळेचे शर्ट, बँडवाल्यांचे लाल कोट, हॉटेलच्या दरवानांचे जरीचे खांदेपट्टे, सारं तिथे शिवून मिळायचं, आणि मोहित्यांच्या टाक्याला उसवणं ठाऊक नाही असं बाजारात म्हणायचे. पण जयसिंगरावांना दुकानाहूनही घराण्याचा अभिमान मोठा. एखादं गिऱ्हाईक मराठी बोलणारं निघालं की त्याच्या छातीचं माप घेता घेता ते सुरू व्हायचे. "आम्ही इथे उपरे नाही बरं का. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो ते इथलेच झालो. माझे वडील कृष्णाजी, त्यांचे वडील राणोजी, त्यांचे वडील संताजी..." गिऱ्हाईक माप देऊन मोकळं व्हायचं, पण पिढ्या काही संपायच्या नाहीत.

चंदना ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. चांगल्या मार्कांनी झाली तेव्हा ती सी.ए. होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण शेवटच्या वर्षी कॉलेजात पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी मुलींना एवढंच विचारलं होतं, "तुमच्या घरात पहिलं ताट कुणाचं वाढतात, आणि का?" व्याख्यान संपलं, बाई गेल्या, पण तो प्रश्न काही चंदनाच्या डोक्यातून जाईना. लग्नकार्यात, दुकानात, बसमध्ये, जिथे तिथे तिला तसले प्रश्न दिसायला लागले. शेवटी तिने चौकशी केली आणि त्या बाई शिकवत होत्या त्याच विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज टाकला. विषय सामाजिक मानवशास्त्र.

"म्हणजे हाडं मोजायची?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नाही अप्पा. माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुणाला आपलं म्हणतात, कुणाला परकं, ते समजून घ्यायचं."

"त्याला विद्यापीठ कशाला लागतं? दुकानात बस. रोज दिसतं."

"तुम्ही इतकी वर्षं बसलाय. तुम्हाला काय दिसलं ते सांगा की," असं तिची आई सुखदा आतून म्हणाली. जयसिंगराव मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना तो विषय पटला नव्हता. पण मोहित्यांची मुलगी विद्यापीठात जाते, हे चारचौघांत सांगायला त्यांना आवडू लागलं होतं. तेवढ्यावर त्यांनी होकार दिला.

त्या बाई म्हणजे संहिता मॅडम. धारवाडच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या घरातल्याच भाषा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला, शेजारी एक वर्तुळ, आणि दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह. "त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, बरोबर म्हणजे लग्न," त्या म्हणाल्या. "हा विषय शिकायचा म्हणजे लांबच्या जंगलात जायचं असं तुमच्यातल्या पुष्कळांना वाटत असेल. आधी आपल्या घरात जा. स्वतःच्या घराचा असा नकाशा काढून आणा. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, तेही लिहा. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. विचारल्याशिवाय कुणाबद्दल लिहायचं नाही. आणि माहीत नसेल तिथे जागा मोकळी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही."

मग त्यांनी एकेकाला घरातल्या हाका विचारल्या. चंदनाची पाळी आली तेव्हा तिने सांगितलं, "वडिलांच्या मोठ्या भावाला आम्ही दोड्डप्पा म्हणतो. थोरल्या बहिणीला अक्का. आत्याला अत्ते. वडिलांची एक आत्या आहे, तिला अख्खं घर मालनत्ते म्हणतं."

शेजारच्या बाकावर श्वेता होती, पुण्याची. तिचे आईवडील आयटीत, तीन-चार वर्षांपूर्वी इकडे आलेले. ती हसली. वाईट हेतूने नव्हे, पण हसली. "सॉरी हं, पण तुझं मराठी इतकं क्यूट आहे. अत्ते हे कन्नड ना? मग तू अ‍ॅक्च्युअली मराठी आहेस की कन्नड?"

वर्गात दोघे-तिघे हसले. शाळेत असताना कन्नड मुली चंदनाला 'मराठी' म्हणायच्या, आणि आता ही पुण्याची मुलगी तिला कन्नड ठरवत होती. "आम्हाला घरी असं कुणी विचारत नाही," ती एवढंच म्हणाली.

संहिता मॅडमनी तो प्रश्न तसा जाऊ दिला नाही. त्या श्वेताकडे वळल्या. "तुझी आजी तिच्या सासूला काय म्हणायची?"

श्वेताने आठवून पाहिलं. "आत्याबाई. आणि सासऱ्यांना मामंजी."

"सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा का म्हणायचं? कुणाला सुचतं?"

चंदना फळ्यावरच्या त्रिकोण-वर्तुळाकडे बघत होती. मनातल्या मनात तिने दोन रेघा ओढल्या, एक बाईकडून, एक तिच्या भावाकडून, आणि त्यांच्या मुलांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं. "कारण कधीकाळी आत्याच सासू व्हायची," ती म्हणाली. "मामाच सासरा व्हायचा. आत्याच्या मुलाला किंवा मामाच्या मुलाला मुलगी द्यायची. ती रीत गेली तरी हाक राहिली."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आणि ती रीत कन्नड घरांतही आहे, मराठीतही. तेव्हा कोण कुठला हे शब्दावरून इतक्या लवकर ठरवू नका."

त्या दिवशी बसमधून घरी येताना चंदना खिडकीशी ताठ बसली होती. आपल्याला काहीतरी येतं, आणि ते कुणी शिकवण्याआधीपासून येत होतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

रविवारी तिने दुकानाच्या कापायच्या मेजावर मोठा कागद पसरला. जयसिंगराव तर वाटच बघत होते. ते बोलत गेले, ती त्रिकोण काढत गेली. कृष्णाजी, राणोजी, संताजी, त्यांच्या वरचे, त्यांच्याही वरचे. कागदाच्या वरच्या टोकाला पोचल्यावर चंदना थांबली. एका रांगेत उभे राहिलेले सगळे त्रिकोण, आणि शेजारी, अप्पांच्या आईचं सोडलं तर, सगळी रिकामी वर्तुळं.

"अप्पा, या बायका कोण?"

"कोण म्हणजे? त्यांच्या बायका."

"नावं?"

जयसिंगरावांनी डोकं खाजवलं. "राणोजींची बायको, म्हणजे माझी आजी, ती कस्तुराबाई. तिच्या वरच्या नाही आठवत."

"कस्तुराबाईंचं माहेर कुठलं?"

"मोठं घराणं होतं. तंजावरकडचं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला लागतं? आपल्या घरात बायका तिकडूनच यायच्या. लिही तू, तंजावर."

"मला असं लिहिता येत नाही अप्पा. माहीत नसेल तर जागा मोकळी ठेवायची, असं आम्हाला सांगितलंय."

"मी सांगतोय तर माहीत नाही कसं? आपल्या मराठी समाजाच्या सभेत मी हेच सांगत आलोय." त्यांचा आवाज चढला नाही, पण कात्री त्यांनी मेजावर जरा जोरात ठेवली. चंदनाने कस्तुराबाईंच्या वर्तुळाच्या वर एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद गुंडाळला. तंजावर खरं असेल तर ते सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं. कस्तुराबाईंची मुलगी, मालनत्ते.

मालनत्ते जयनगरला राहायच्या. नवरा गेला, मुलगा परदेशी. पण बाई एकट्याच मजेत होत्या. उमेदीत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि अजून त्यांचा आवाज तसाच खणखणीत होता. संध्याकाळी बाजारातून एक फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. चंदनाने त्यांची पिशवी हातात घेतली, घरी पोचेपर्यंत इकडचं तिकडचं बोलली, आणि कॉफी झाल्यावर कागद उलगडून विचारलं, "अत्ते, तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

"देवनहळ्ळी," मालनत्ते म्हणाल्या. इतक्या सहज, की चंदनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अप्पा म्हणतात तंजावर."

"जयसिंगला काय कळतंय. तो जन्मला तेव्हा माझी आई अंथरुणाला लागली होती. देवनहळ्ळीच्या किल्ल्यापलीकडे तिच्या बापाची पपनसांची बाग होती. शेतकरी घर. कन्नड. तिचं नाव गंगम्मा. कस्तुरा हे सासरी ठेवलेलं नाव."

मग त्यांनी सगळं सांगितलं. राणोजी तरुणपणी जत्रांमधून जाकिटं, टोप्या विकायला जायचे. देवनहळ्ळीच्या जत्रेत गंगम्मा भावासाठी टोपी घ्यायला आली आणि किमतीवरून घासाघीस करत उभी राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. तिसऱ्या वर्षी राणोजींनी घरी सांगून टाकलं. संताजींनी आकांडतांडव केलं. तिकडे गंगम्माच्या बापानेही तिला दार बंद केलं. लग्न झालं ते कसंबसं, दोन्हीकडच्या मोजक्या माणसांत. संताजींची अट होती की सुनेने नाव बदलायचं आणि घरात मराठीच बोलायचं. तिने नाव बदललं. मराठीही शिकली.

"पण मुलं झाल्यावर अंगाई काही तिने मराठीत म्हटली नाही," मालनत्ते म्हणाल्या. "आम्ही पोरं दोन्ही शिकलो. अत्ते, अक्का, थोड्याला स्वल्प, बरंला सरी, हे सगळं तिच्या तोंडचं. आमचे आजोबा रागवायचे, नंतर तेही तसंच बोलायला लागले."

"तिच्या माहेरचं कुणी कधी आलंच नाही?"

"धाकटा भाऊ यायचा. पिळ्ळप्पा. गौरीच्या सणाला माहेराहून बहिणीला वाण द्यायची पद्धत आहे ना इकडे. बाप नाही म्हणायचा, हा चोरून यायचा. टोपलीभर पपनस डोक्यावर घेऊन. आई त्या दिवशी दारातच बसलेली असायची सकाळपासून. तो गेला आणि येणंजाणं संपलं."

"हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुणी विचारलं नाही. तू पहिली." त्यांनी कागद पुढे ओढला. "कुठे लिहायचं ते दाखव. आणि माझं नाव घालून लिही, मी सांगितलं म्हणून."

चंदना घरी आली ती जवळजवळ पळतच. जिना चढताना तिला वाटत होतं, अप्पांना केवढा आनंद होईल. जत्रा, टोपी, दोन्ही घरांशी भांडून केलेलं लग्न; फौजेबरोबर येण्याइतकीच ही शौर्याची गोष्ट होती. पण जयसिंगरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे लिहायचं नाही," ते म्हणाले.

"का अप्पा?"

"मी समाजाचा चिटणीस आहे. व्यासपीठावर उभा राहून इतकी वर्षं घराण्याच्या गोष्टी सांगितल्या. उद्या लोक म्हणतील, मोहित्यांना स्वतःची आजी ठाऊक नाही." ते उठून खिडकीशी गेले. "आजीची मला लाज नाही वाटत. लोकांसमोर खोटा पडलो, त्याची वाटते."

दुसऱ्या दिवशी चंदना संहिता मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मालनबाईंनी परवानगी दिली, वडिलांनी नाही. दोघंही त्याच घरातले. हा पेच पुस्तकात सोडवून मिळत नाही. तुला काय योग्य वाटतं?"

"मॅडम, तंजावर मी लिहिणार नाही."

"ते नकोच."

"आणि ते नको म्हणतायत तोवर देवनहळ्ळीही लिहिणार नाही. जागा मोकळी ठेवीन आणि खाली लिहीन की घरच्यांच्या इच्छेवरून मोकळी ठेवली आहे."

"त्याने तुझं काम अर्धवट दिसेल. मार्कही कमी पडतील कदाचित."

"पडू देत."

मॅडमनी मान डोलावली. "मग तसं कर. आणि वडिलांना हे सांग. रागाने नको, नुसतं सांग."

तिने नुसतं सांगितलं. रात्रीची जेवणं चालली होती. "अप्पा, मी खोटं लिहिणार नाही, आणि तुम्ही नको म्हणाल ते खरंही लिहिणार नाही. जागा मोकळी ठेवलीय." जयसिंगरावांचा घास हातात राहिला. त्यांनी वादाची तयारी केली होती. मुलगी हट्ट करेल, शिकल्याचा तोरा दाखवेल, मग आपण रागवू, असं सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. सुखदाने त्यांच्या पानात भात वाढला.

शनिवारी दुकानात एक मराठी गिऱ्हाईक आलं, नागपूरचं. जयसिंगरावांनी त्याचं माप घेतलं आणि पिढ्या न सांगता पावती फाडून दिली. चंदनाने ते पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. अप्पांचा अभिमान हिरावून घ्यायला ती हे शिकायला गेली नव्हती.

रविवारी सकाळी जयसिंगराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिन्यात उभे होते. "चल," ते म्हणाले. "कॅब मागव. आधी जयनगरला जाऊ, मालनत्तेला घेऊ. मग देवनहळ्ळी."

"कशाला अप्पा?"

"माहेर असेल तर बघून येऊ."

मालनत्तेंनी जरीकाठाची साडी नेसली होती आणि वाटेत थांबायला लावून मिठाई घेतली. "माहेरी रिकाम्या हाताने जाऊ नये," त्या म्हणाल्या. विमानतळाचा रस्ता सोडून गाडी गावात वळली. किल्ल्याची भिंत दिसली तसा त्यांचा चेहरा उजळला, पण पलीकडे गेल्यावर त्या गोंधळल्या. जिथे बाग होती म्हणून त्यांना आईने सांगितलेलं, तिथे लेआउट झाला होता, आखलेले प्लॉट, दगड रोवलेले, मधून डांबरी रस्ते. ड्रायव्हरने तीनदा गाडी वळवली. शेवटी चंदना उतरली आणि चहाच्या टपरीवर कन्नडमध्ये विचारत गेली, पिळ्ळप्पांचं घर, पपनसांची बाग. एका म्हाताऱ्याने लेआउटच्या टोकाकडे बोट दाखवलं.

टोकाला एक कौलारू घर उरलं होतं, त्याला चिकटून नवीन दुमजली बांधकाम, आणि मागे थोडीशी झाडं. झाडांना हिरवीगार, डोक्याएवढी फळं लोंबत होती. पडवीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ खुर्चीत बसले होते. पिळ्ळप्पांचा मुलगा, नंजप्पा. त्यांनी इस्त्रीच्या शर्टातले जयसिंगराव पाहिले, कॅब पाहिली, आणि त्यांची समजूत झाली की आणखी कोणी जमीन विकत घ्यायला आलंय.

"विकायची नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले. "परत जा."

"जमिनीसाठी नाही आलो," जयसिंगराव म्हणाले.

"मग कोण तुम्ही? नीवु नमगे एनागबेकु?"

तुम्ही आमचे कोण लागता, असा तो प्रश्न. चंदनाने वडिलांकडे पाहिलं. तिला नकाशा पाठ होता, ती लगेच सांगू शकली असती, पण ती बोलली नाही. जयसिंगराव पायरीवर उभे होते. फौज, सगळ्या पिढ्या, कृष्णाजी, राणोजी, यातलं काहीही इथे उपयोगाचं नव्हतं. या पडवीत मोहिते हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"नानु गंगम्मन मोम्मग," ते म्हणाले. मी गंगम्माचा नातू.

नंजप्पा खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागला, पण ते कुणाचा हात न घेता उठले. "पेटे अत्तेचा?" त्यांनी विचारलं. शहरातल्या आत्येचा. "आमचा बाप मरेपर्यंत सांगत होता, पेटे अत्तेकडे जात जा. मी तेव्हा पोर होतो, शहरात घर कुठे ते ठाऊक नव्हतं. ओळगे बन्नी. आत या, आत या."

मालनत्ते पुढे झाल्या. "मी तिची मुलगी. मालन."

नंजप्पांनी हिशेब केला आणि त्यांचे डोळे मिस्कील झाले. "म्हणजे तू माझी आत्तेबहीण. आमच्यात पहिला हक्क माझा होता. तेव्हा भेटली असतीस तर मागणीच घातली असती."

"मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते," मालनत्ते म्हणाल्या. "तुझा नंबर लागला नसता." आणि दोघंही इतकी हसली की नंजप्पांची सून काय झालं म्हणून बाहेर आली.

मग पडवीत सगळे बसले. सुनेने पपनस सोलून ताटात गुलाबी फोडी मांडल्या, वर मीठ-तिखट. जयसिंगरावांनी नंजप्पांना 'काका' म्हणायला तोंड उघडलं आणि मुलीकडे वळून हळूच मराठीत विचारलं, "मी यांना काय म्हणायचं? वडिलांचा मामेभाऊ. काका ना?"

"आपल्या मराठीत काका," चंदना म्हणाली. "त्यांच्याकडे माव, म्हणजे मामा. त्यांच्यात मामाची मुलगी करतात, म्हणून वडिलांचा मामेभाऊ आईचा भाऊ धरतात."

जयसिंगरावांनी क्षणभर विचार केला. चंदनाला विचारून काही करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. "माव," ते नंजप्पांना म्हणाले, "झाडं फार जुनी दिसतात."

"आज्जाने लावलेली. पेटे अत्तेच्या बापाने," नंजप्पा म्हणाले. "पोरगी गेल्यावर तो तिचं नाव घेत नसे. पण फळं उतरली की पिळ्ळप्पाची टोपली कुठे जाते, हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच. टोपली नेहमी तोच भरून ठेवायचा. मोठी मोठी निवडून."

मालनत्तेंनी पदर डोळ्यांना लावला. एवढं मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईला तर नव्हतंच.

परत येताना गाडीत पायाशी पपनसांचं पोतं होतं. विमानतळाचा पूल मागे पडल्यावर जयसिंगराव म्हणाले, "लिही आता."

"अप्पा, नक्की? एकदा लिहिलं की वर्गात वाचावं लागेल."

"वाच. मीही येईन ऐकायला."

आणि ते आले. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आपापलं काम मांडायचं होतं, घरच्यांनाही बोलावलं होतं. जयसिंगराव, सुखदा आणि मालनत्ते मागच्या रांगेत बसले. चंदनाने नकाशा भिंतीवर लावला. कस्तुराबाईंच्या वर्तुळाखाली दोन नावं होती, वर तिचे आईवडील, शेजारी पिळ्ळप्पाचा त्रिकोण, आणि तिथून खाली नंजप्पांपर्यंत आलेली रेघ. तिने इंग्रजीत सुरुवात केली, मग कन्नडमध्ये हाका सांगितल्या, मग मराठीत. मध्येच आवाज कापला तर काय, ही भीती तिला आदल्या दिवशी होती. उभी राहिल्यावर तिला त्या भीतीची आठवणही राहिली नाही.

"मला वर्गात विचारलं होतं, मी मराठी की कन्नड," ती म्हणाली. "हे घर मराठी आहे. या घराचं माहेर कन्नड आहे. आमची भाषा बिघडलेली नाही. ती एका बाईने आपल्या मुलांना दिलेली आहे, आणि आम्ही ती सांभाळली."

श्वेताने सगळ्यात आधी टाळी वाजवली. नंतर ती म्हणाली, "माझ्या आजीला मी काल फोन केला. तिच्या माहेरचं मला काहीच माहीत नव्हतं ग."

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एका मुलाने विचारलं, "ही माहिती मिळवायला सगळ्यात अवघड काय गेलं?" चंदना उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मागच्या रांगेतून जयसिंगराव उठले. आपल्याला बोलायची परवानगी आहे का, हे त्यांनी आधी मॅडमना विचारलं.

"अवघड मी गेलो," ते म्हणाले. "मी नको म्हटलं होतं. तिने ऐकलं. मार्क जातील हे माहीत असून ऐकलं. मी आयुष्यभर वाडवडिलांचा अभिमान सांगत आलो. आज मागे बघून नाही, समोर बघून सांगतो. ही माझी मुलगी." एवढं बोलून ते खाली बसले. मालनत्तेंनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने खरं क्षेत्रकाम करायचं होतं. संहिता मॅडमनी चंदनाला विचारलं, बागा जाऊन लेआउट होतात तेव्हा नात्यागोत्याचं काय होतं, कोण कुणाकडे जातं, सण कुठे होतात, हे देवनहळ्ळीत राहून पाहशील का? चंदनाने आधी नंजप्पांना विचारलं, त्यांच्या सुनेला विचारलं, शेजारच्या चार घरांना विचारलं. सगळ्यांनी हो म्हटल्यावर मॅडमना हो सांगितलं.

पहिल्या दिवशी सोडायला जयसिंगरावांना यायचं होतं. "बसने जाते अप्पा," ती म्हणाली. "कामाला चाललेय." त्यांनी शिवाजीनगरच्या स्टँडवर तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि बस सुटेपर्यंत खाली उभे राहिले.

ती पोचली तेव्हा नंजप्पांची सून मागच्या अंगणात शेजारणींबरोबर बसली होती. लग्न निघालं होतं कुणाचं तरी, आणि पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या यावर जोराची चर्चा चालू होती. प्लॉट विकून गेलेल्यांना द्यायची की नाही, यावर दोन मतं होती. त्यांनी चंदनाला जागा करून दिली आणि एकीने तिच्याकडे वळून विचारलं, "तू शिकतेस ना हे सगळं? तूच सांग, कुणाला बोलवायचं."

"मी नाही सांगणार," चंदना खाली बसत म्हणाली. "तुम्ही सांगा. मी ऐकायला आलेय."